दाजींच्या कयाकला शीड: पानशेतच्या पाण्यावरचं एक प्रकरण

दाजींचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला. फिजिओथेरपीनं हात पुन्हा डोक्यावर जायला लागला, पण तासभर वल्हं मारलं की रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, एवढं मात्र कायमचं राहिलं. आणि दाजींचा सगळा जीव पाण्यावर. माझ्या थोरल्या ताईचे यजमान, वय ५४, नोकरी पिंपरीत, आणि महिन्यातले दोन रविवार पानशेतला. गाडीच्या टपावर कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची एका माणसाची अरुंद होडी, बांधायची, पहाटे साडेपाचला सिंहगड रोड धरायचा, खानापूरला चहा घ्यायचा आणि सातच्या आत पाण्यात उतरायचं. हा नेम त्यांनी करोनानंतर धरला तो आजारपणातही मोडला नाही.

"जाताना काही वाटत नाही रे," ते म्हणाले. "येताना वारा उलटसुलट मारतो, पाणी उड्या घेतं, तिथं खांदा जातो. परतीला शीड लावता येईल का?"

माझं नऱ्ह्यात जोडकामाचं छोटं वर्कशॉप आहे. लोखंड, ॲल्युमिनियम, थोडं प्लास्टिक, यात पंचवीस वर्षं गेली. मी हो म्हणालो. त्यानंतरचं दीड वर्ष, एक अपघात आणि दोन शिडं, असं हे प्रकरण आहे. कयाकला शीड लावायचं ज्याच्या डोक्यात आहे त्याला आमच्या चुका उपयोगी पडाव्यात म्हणून आकड्यांसकट लिहितोय.

कयाक आणि पाणी

दाजींची कयाक मासेमारीसाठीच बनवलेली आहे, बसायची जागा वर उघडी असलेली. लांबी ३.६ मीटर, रुंदी ८२ सेंटीमीटर, वजन ३२ किलो. पॉलिइथिलीनची, साच्यात फिरवून ओतलेली एकसंध, जाडी सरासरी ५ मिलिमीटर. दाजी ८४ किलोचे, गळकाठ्या, डबा, पाणी, बर्फाची पेटी असं सामान बारा-पंधरा किलो. म्हणजे पाण्यावर एकूण १३० किलो. सुकाणू नाही. खाली कणा म्हणावा असाही काही नाही, दोन उथळ खाचा आहेत तेवढ्याच.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, आणि सुरुवातीला मी ती मनावर घेतली नाही. शीडबोट आडव्या वाऱ्यात किंवा वाऱ्याच्या तिरकं पुढं जाते ती पाण्याखाली उभी फळी असते म्हणून. वारा बोटीला बाजूला ढकलतो, फळी ते ढकलणं अडवते, आणि उरलेला जोर पुढं जातो. खडकवासल्याच्या एनडीएच्या बाजूला, पीकॉक बेमध्ये, कॅडेट ज्या शीडबोटी चालवतात त्यांना ही फळी आणि सुकाणू दोन्ही असतं. कयाकला यातलं काही नसतं. तिच्यावर शीड लावलं तर ती वाऱ्यासोबत जाणार, फार तर वाऱ्याच्या थोडी डावी-उजवी. वाऱ्याच्या तोंडावर ती कधीच जाणार नाही. म्हणजे शीड ही एकाच दिशेची सोय आहे, आणि ती दिशा वारा ठरवतो.

पानशेतला हे जमून येतं. धरणाची भिंत पूर्वेकडच्या टोकाला आणि पाणी पश्चिमेकडं डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात आत शिरलेलं. सकाळी पाणी शांत असतं. उन्हाळ्याकडं झुकलं की दुपारी पश्चिमेचा वारा घाट ओलांडून येतो आणि अरुंद खोऱ्यात सापडून आणखी जोरात वाहतो. म्हणजे सकाळी वल्ह्यानं आत जायचं आणि दुपारी वाऱ्यासोबत भिंतीकडं परत यायचं. हेच उलटं असतं, म्हणजे दुपारचा वारा भिंतीकडून आत वाहत असता, तर मी दाजींना शिडाचा नाद सोडा म्हणालो असतो. सोबतीचा वारा जाताना आणि तोंडावरचा येताना, हे दुखऱ्या खांद्याच्या माणसाला परवडणारं नाही.

ताडपत्रीचं शीड

पहिलं शीड मी घरीच केलं. पावसाळ्यात टेम्पोवर टाकायची निळी ताडपत्री होती, तिच्यातून १.२ मीटर रुंद आणि १.५ मीटर उंच तुकडा कापला. चारी कडा दुमडून बॅगवाल्याकडून जाड दोऱ्यात शिवून आणल्या, कोपऱ्यांना पितळी रिंगा मारल्या. डोलकाठीला एक इंची पीव्हीसी पाइप, वाकू नये म्हणून आत बुरुड आळीतून आणलेला बांबू घातला. वर आडवी काठी, खाली दोन कोपऱ्यांना दोन दोऱ्या. डोलकाठी कुठं रोवायची? दाजींनी पायांच्या पुढं एक उभा रॉड होल्डर, म्हणजे गळकाठी रोवायची नळी, स्वतः बसवला होता, वीस सेंटीमीटर खोल, चार स्क्रूंवर. पाइप त्यात बरोबर बसला. आम्ही दोघंही त्या बरोबर बसण्यावर खूश झालो.

दाजींना समोरचं दिसावं आणि वल्हं मोकळं चालावं म्हणून शिडाची खालची कड डेकपासून ३५ सेंटीमीटर वर ठेवली. त्यामुळं शिडाचा मध्य डेकपासून ११० सेंटीमीटर उंचीवर गेला. खालच्या दोऱ्या मागं आणून बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना बांधल्या. गाठ मारून. त्या दोऱ्यांबद्दल मी एवढाच विचार केला होता की त्या सुटता कामा नयेत.

होळीनंतरच्या रविवारी पहिल्यांदा पाण्यात नेलं. दुपारी दोनला वारा बेताचा होता, झाडांची पानं आणि लहान फांद्या सारख्या हलत होत्या, म्हणजे ताशी पंधरा-अठरा किलोमीटर. मी काठावर दुर्बीण घेऊन बसलो होतो. शीड भरलं आणि कयाक निघाली. दाजींनी वल्हं मांडीवर आडवं ठेवून दोन्ही हात वर केले, उजवासुद्धा. त्यांच्या तोंडावर तो आनंद मी फार दिवसांनी पाहिला, आणि अजून तो डोळ्यांसमोर आहे.

साधारण दहा मिनिटांनी एका सोंडेच्या आडून ते बाहेर आले. डोंगराची सोंड पाण्यात उतरते तिथं वारा वळून, गोळा होऊन येतो. आधी पाण्यावर काळपट पट्टा धावत येताना दिसला. मी उभा राहिलो, ओरडलो, पण ४०० मीटरवर माझा आवाज कुठून पोचणार! झोत मागून न येता डाव्या अंगानं आला. कयाकचं टोक फिरलं, ती वाऱ्याला आडवी झाली, आणि शीड तर गाठींनी जागच्या जागी पक्कं. दाजी एका हातानं गाठ ओढताना दिसले. जोर आलेली नायलॉनची गाठ बोटांनी सुटत नाही. कयाक उजवीकडं झुकली, क्षणभर तशीच थांबली आणि उलटली.

लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून दाजी लगेच वर आले. पण कयाक सरळ होईना. ओली ताडपत्री पाण्याखाली उभी पसरली होती, आणि ती उलटवायची म्हणजे एवढं पाणी उचलायचं. एकट्या माणसाला, तेही एका खांद्यानं, ते शक्य नव्हतं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी काढणारे एक काका जवळच होते. ते फळीच्या वल्ह्यानं पोचले, दाजींच्या हातात कोयता दिला, दाजींनी दोऱ्या कापल्या. शीड आणि पाइप गेला, कयाक सरळ झाली. एक गळकाठी आणि रीळ तळाला गेलं ते गेलंच.

काठावर आणल्यावर पुढचं टोपण उघडलं तर आत चार-पाच लिटर पाणी होतं. रॉड होल्डरचे चारपैकी दोन स्क्रू प्लास्टिकचा चुरा घेऊन उपटले होते आणि त्या भोकांतून पाणी आत शिरत होतं. वीस मिनिटं आणखी तसंच राहिलं असतं तर पोकळी भरत गेली असती. गाडीत बसल्यावर दाजी काही बोलले नाहीत. खडकवासल्याच्या चौपाटीवर गाडी थांबवून कणीस घेतलं तेव्हा म्हणाले, "ताईला आपण सांगू. पण तू काम थांबवू नकोस."

काटा लावून पाहिलं

चूक कुठं झाली हे मी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये कागदावर मांडलं. हे आधी करायला पाहिजे होतं.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात आमच्या १.८ चौरस मीटर ताडपत्रीवर तीन किलोच्या आसपास दाब येतो. यात भीती वाटावी असं काही नाही, आणि इथंच फसगत होते. वारा ३६ झाला, म्हणजे दुप्पट, की दाब चौपट होतो: साडेबारा-तेरा किलो. हा दाब डेकपासून ११० सेंटीमीटर उंचीवर. रॉड होल्डर वीस सेंटीमीटर खोल. तरफेचा हिशोब केला तर होल्डरच्या काठावर सत्तर-ऐंशी किलो येतात. मासा कितीही मोठा असो, गळकाठी मोडते किंवा दोर तुटतो, म्हणून रॉड होल्डर एवढा भार सोसायला कुणी बनवतच नाही. चार स्क्रूंवर, ५ मिलिमीटर मऊ प्लास्टिकमध्ये, तो टिकणारच नव्हता. तो तुटला हे एका अर्थी बरंच झालं.

दुसरा प्रश्न कयाकचा. ती किती जोर सहन करते? याचं उत्तर कागदावर काढण्यापेक्षा आम्ही पाण्यात मोजलं. पुढच्या रविवारी मांडीभर पाण्यात कयाक उभी केली, दाजी नेहमीच्या सामानासकट बसले, एक बांबू डेकला पक्का बांधून त्याला ११० सेंटीमीटरवर दोरी लावली आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला भंगारवाल्यांकडं असतो तसा स्प्रिंगचा ताणकाटा. मी बाजूनं हळूहळू ओढत गेलो, भाचा आकडे वाचत होता. पाच किलोला कयाक झुकली पण दाजी निवांत. सात किलोला त्यांनी नकळत कमर दुसरीकडं टाकली. नऊ किलोला काठावरून पाणी आत आलं.

नऊ किलो. आणि ताडपत्रीवर ३६ च्या झोताला तेरा येत होते. उलटणं त्या शिडात शिवूनच दिलेलं होतं.

माझं ठाम मत झालंय की शीड कापायच्या किंवा विकत घ्यायच्या आधी ही काट्याची परीक्षा करावी. प्रत्येक कयाकची रुंदी वेगळी, माणसाचं वजन वेगळं, बसायची उंची वेगळी. उंच खुर्चीवर बसणाऱ्याची कयाक लवकर झुकते. दुसऱ्याच्या शिडाचं माप आपल्या उपयोगाचं नाही. अर्धा तास लागतो, काटा कुणाकडूनही मागून आणता येतो, आणि शिडाला किती मोठं व्हायची परवानगी आहे ते कयाक स्वतः सांगते.

विकतचं, गोल

दाजींनी ऑनलाइन पाहिलेलं शीड गोल होतं. फायबरच्या लवचिक रिंगवर ताणलेलं पातळ नायलॉन, मध्ये आरपार दिसायला प्लास्टिकची खिडकी. गाडीच्या काचेला लावायचा सनशेड पिळून लहान चकती करतात ना, तसंच हेही पिळलं की ताटाएवढं होतं आणि डेकवर दोरीखाली बसतं. व्यास १०८ सेंटीमीटर, म्हणजे ०.९ चौरस मीटर, ताडपत्रीच्या निम्मं. डोलकाठी नाहीच. खालून दोन हुक डेकच्या कड्यांना लागतात आणि लगामासारखी एक लांब दोरी दोन्ही बाजूंनी हातात येते. दोरी ओढली की शीड वाऱ्यात उभं राहतं. दोरी सोडली की पुढच्या डेकवर आडवं पडतं.

मी आधी नाक मुरडलं. घरी केलेल्या वस्तूवर माझा जीव असतो. पण आकडे मांडले. हे शीड डेकवरच टेकून उभं असल्यानं त्याचा मध्य साठ सेंटीमीटरच्या आत. ३६ च्या झोताला दाब साडेसहा किलो. मीटरमधली उंची आणि किलोमधला दाब यांचा गुणाकार चार. ताडपत्रीचा चौदा होता, आणि आमच्या कयाकची सहनशक्ती काट्यानुसार दहा. एवढी सवड असेल तर बोलण्यात अर्थ आहे. साडेतीन हजारांना घेतलं.

बसवणं मात्र आपलं आपल्यालाच करावं लागतं आणि त्यात खरी कारागिरी आहे. पॉलिइथिलीनला साधा इपॉक्सी धरत नाही. वाळल्यावर नखानं सुटून येतो. स्क्रू मारायचा तर वर सांगितलंच आहे. म्हणून आरपार बोल्ट. पुढच्या टोपणातून हात आत जाईल अशा दोन जागा निवडल्या, टोकापासून ७० सेंटीमीटरवर, दोन्ही बाजूंना एकेक. साडेसहा मिलिमीटरचं भोक, सहाचा स्टेनलेस बोल्ट, वर कडं, मधे पाणी अडवायला ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी, आणि आतून भार पसरायला प्लास्टिकची जाड पट्टी. ही पट्टी मी स्वयंपाकघरातल्या भाजी कापायच्या पांढऱ्या बोर्डमधून कापली. ते बहुतेक वेळा पॉलिइथिलीनच असतं, गंजत नाही आणि कयाकसारखंच वाकतं. नट नायलॉनच्या घेराचा, म्हणजे हादऱ्यांनी सैल होत नाही. आवळताना हात राखायचा. हे प्लास्टिक दाबाखाली हळूहळू बसत जातं, एकदाच करकचून आवळलं तर बोल्टभोवती खळगा पडतो. बेताचं आवळायचं, महिन्यानं पुन्हा बघायचं. जुन्या होल्डरची उपटलेली भोकंही मी अशाच पट्ट्या आत-बाहेर लावून बंद केली.

शीड टोकाकडं लावण्याचा एक फायदा होतो. वारा नाकाला धरून ओढतो, शेपूट आपोआप मागं राहते. ताडपत्रीचं शीड दाजींच्या पायांजवळ होतं, त्यामुळं कयाकला फिरायला वाव मिळत होता. सुकाणूचं काम वल्हं करतं, पातं मागं पाण्यात उभं धरून.

पाडायचा सराव

पाण्यात जायच्या आधी दाजींनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्चीवर बसून शीड उघडणं-पिळणं केलं, रोज संध्याकाळी, हात बसेपर्यंत. मग मांडीभर पाण्यात फक्त एकच गोष्ट: मी बाजूनं कयाक हलवायची, ओरडायचं "सोडा", आणि त्यांनी दोरी सोडायची. दोन सेकंदांत शीड आडवं. वीस वेळा केलं. दोरीला कुठंही गाठ नाही, कुठल्याही कड्यात अडकवायची नाही, मनगटाला वेढा तर मुळीच नाही. हात दमला तर शीड पडेल, आणि ते पडलेलंच बरं.

मग मुद्दाम उलटलो. पाण्यातून कयाकवर परत चढणं हे दाजींना जमेना. पोट टेकवून अंग वर ओढायला दोन्ही खांदे लागतात. हे आम्हाला त्या होळीच्या रविवारीही कळायला हवं होतं, पण तेव्हा काकांच्या तराफ्यानं ते झाकून टाकलं. उपाय साधा निघाला. कयाकच्या मधल्या कड्याला तीन मीटर पट्टा बांधला, त्याचा फास पाण्यात लोंबतो, घोड्याच्या रिकिबीसारखा पाय त्यात घालायचा आणि पायाच्या जोरावर वर यायचं. तिसऱ्या प्रयत्नाला ते चढले. तो पट्टा आता कायम गुंडाळून कड्याशी असतो, आणि जॅकेटच्या खिशात दोरी कापायची लहान सुरी, शिट्टी आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत मोबाइल.

कोकणातल्या होड्यांना बाजूला उलांडी असते तशी एक लावावी, असं मला मधे फार वाटलं होतं. मालवणकडं पाहिलेली ती जोडलेली लाकडाची आडवी भुजा होडीला उलटूच देत नाही. मी पीव्हीसीच्या जाड पाइपची टोकं बंद करून एक नमुना केलासुद्धा. पण मासेमारीच्या कयाकवर ती गळाच्या मधे येते, काठावरच्या गाळात रुतते, आणि गाडीवर न्यायला वेगळी बांधाबांध. एका फेरीत काढून ठेवली.

वारा कुणाला विचारायचा

त्या तराफ्यावरच्या काकांकडं दाजी आता दर वेळी जातात, बिस्किटं आणि तंबाखू घेऊन. मोबाइलवरच्या अंदाजापेक्षा मी त्यांचं जास्त मानतो, कारण अंदाज तालुक्याचा असतो आणि काका त्या सोंडेचं सांगतात. त्यांचं म्हणणं असं: "सकाळी पाणी तेलावाणी असतंय. अकराला अंगावर काटा आल्यावाणी उठतंय. चारला पळाया लागतंय." काटा येतो तेव्हा शीड उघडायचं, पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले की शीड पिळून ठेवायचं, असं आम्ही त्याचं भाषांतर केलं. पांढरे फेस सगळीकडं दिसायला लागतात तेव्हा वारा ताशी वीसच्या पुढं गेलेला असतो, आणि दाजींसाठी आम्ही रेघ तिथंच मारली आहे. आकड्यांनी सवड दिली आहे, पण ती झोतासाठी राखून ठेवायची. रोजच्या वाऱ्यात ती खर्च करायची नाही.

सोंडेच्या आडून बाहेर येताना शीड आधीच पाडायचं, वल्ह्यानं बाहेर यायचं, वारा अंगावर घेऊन बघायचा, मग पुन्हा उभं करायचं. ही सवय त्या एका रविवारानं लावली.

एप्रिलच्या मध्यापासून वळवाचे ढग बांधायला लागले की शीड घरी राहतं. वळवाच्या आधी जो वारा सुटतो तो पश्चिमेचा नेहमीचा वारा नसतो. तो ढगातून खाली कोसळतो आणि कुठल्याही दिशेनं येतो. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडं निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. ती बोट कयाकपेक्षा केवढीतरी मोठी होती. काका म्हणतात, "जांभळा ढग दिसला की काठ धरायचा." दाजी धरतात.

परवानगीचंही सांगून टाकतो. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं आणि मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडं. दोन्हीकडं आधी विचारावं. भिंत, सांडवा आणि धरणातलं पाणी बाहेर सोडणाऱ्या विहिरीसारख्या विमोचकाच्या जवळ तर शीड असो-नसो, जायचंच नाही.

गळ आणि शीड

यावर दाजींचं आणि माझं भांडण झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

शिडावर कयाक ताशी साडेतीन-चार किलोमीटरनं सरकते. मागं आमिष ओढत नेऊन मोठा मासा लावायला हा वेग फार छान. दाजींना ते पहिल्याच दिवशी सुचलं. मी नको म्हणत होतो. दुसऱ्या फेरीत तीन काट्यांचा एक गळ फेकताना शिडाच्या कापडात अडकला आणि खिडकीशेजारी बोटभर फाटलं. तरी त्यांनी तिसऱ्या फेरीत काठी मागच्या होल्डरला लावून दोर सोडलाच. मासा लागला. काठी मागं वाकली, रीळ किंचाळलं, दाजींनी काठी धरायला हातातली शिडाची दोरी टाकली. शीड पडलं, जसं पडायला हवं तसंच. पण कयाक थांबली, मासा खालून दुसऱ्या बाजूला गेला, दोर कयाकला वेढला आणि शिडाच्या दोरीत गुंतला. एका हातात काठी, मांडीवर ओलं शीड, पायाशी दोन प्रकारच्या दोऱ्यांचं जाळं. मासा तुटून गेला.

दाजींचं म्हणणं, "बघ, शीड आपोआप पडलं, काही झालं नाही." माझं म्हणणं, त्या गुंत्यात झोत आला असता तर दोर पायाला असता. दोन आठवडे आम्ही यावर बोलत होतो. शेवटी ताई मधे पडली आणि विषय संपला: शीड वर असताना गळ पाण्यात नाही, काठ्या आडव्या बांधलेल्या, गळ डब्यात. मासे धरायची वेळ सकाळची, शिडाची दुपारची.

नऊ फेऱ्या

नोव्हेंबर ते एप्रिल दाजींनी शिडासकट नऊ फेऱ्या केल्या. मी त्यांना वही ठेवायला लावली. परतीचं अंतर दर वेळी साडेचार किलोमीटरच्या आसपास. नऊपैकी सहा वेळा शीड कामाला आलं. दोनदा वारा सुटलाच नाही. एकदा उत्तरेकडून आडवा आला. या शिडाला वारा पाठीच्या दोन्ही बाजूंना साधारण चाळीस अंशांपर्यंत चालतो, त्यापुढं रिंग फडफडते आणि आपणच मिटते. तिन्ही दिवस वल्ह्यानंच परत. म्हणून आत जायचं अंतर आम्ही शिडाच्या भरवशावर वाढवलेलं नाही. खांदा जेवढं परत आणू शकतो तेवढंच आत.

वहीतली एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. शिडानं वेळ वाचला नाही. वल्ह्यानं परतायला पूर्वी एक तास पाच-दहा मिनिटं लागायची, शिडानं सहाच्या सहा वेळा तेवढीच किंवा दहा मिनिटं जास्त लागली. पण वहीच्या शेवटच्या रकान्यात दाजींनी स्वतःच "रात्र" असा मथळा दिला होता. शिडाच्या सहा दिवसांपुढं पाच वेळा लिहिलंय: झोप लागली. वल्ह्याच्या तिन्ही दिवसांपुढं: उजवी कूस नाही.

एप्रिलअखेर शीड धुवून वाळवताना खिडकीची शिवण एका बाजूनं उसवलेली दिसली. उन्हानं दोरा कुजला होता, कापड शाबूत होतं. त्याच बॅगवाल्याकडं उन्हाला टिकणाऱ्या पॉलिस्टर दोऱ्यात दुहेरी शिवून घेतलं, आणि कड्यांचे बोल्ट पाव फेरा आवळले. दाजींनी बाजूला लावायच्या फळीचा विषय काढलाय, आडव्या वाऱ्यातही जाता यावं म्हणून. मी ताणकाटा परत केलेला नाही. पावसाळा सरला, पाणी निवळलं की त्या फळीसकट कयाक पुन्हा मांडीभर पाण्यात उभी करायची आणि भाच्यानं आकडे वाचायचे, असं ठरलंय.